चार गुंजांचा तुकडा

रत्नागिरीत आम्ही सात वर्षं राहिलो. त्या सात वर्षांत "अण्णा, आता पुरे!" हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितकं दुसरं कुठलंच उच्चारलं नसेल. शाळेत चाळीस-चाळीस पोरी एकदम कलकलाट करायच्या, त्यांच्यावरही मी एवढी ओरडले नाही.

आमच्या आणि अण्णा शिवलकरांच्या आवारांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता. सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे गेले की पलीकडून अण्णांचं डोकं वर यायचं. वेळ साडेनऊची, मला दहाला शाळा गाठायची, तोंडात चिमटे धरलेले. अण्णांना त्याचं काही नाही.

"बाई, समजा आज दुपारी पळापळ झाली. तुमच्याजवळ काय आहे?"

"माझ्याजवळ ओली चादर आहे, अण्णा."

"थट्टा नको. सुटं काय आहे?"

पळापळ हा अण्णांचा शब्द. ज्या दिवशी सरकार नसेल, बँक नसेल, टपाल नसेल, दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतील आणि नोट म्हणजे नुसता कागद असेल, तो दिवस म्हणजे पळापळ. तो येणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कधी येणार, एवढंच काय ते ठरायचं होतं. आणि ते जणू माझे कपडे वाळत घालण्याआधी ठरायला हवं होतं.

यामागे रंगून होतं. विशीच्या आत अण्णा आपल्या आईबरोबर रंगूनला होते. वडील तिथे तांदळाच्या गिरणीत कारकून, ते तिथेच वारले. मग लढाई आली आणि बेचाळीस साली मायलेक हजारो माणसांबरोबर पायी निघाले. पुढे अण्णांनी इथे बंदराजवळच्या लाकडाच्या वखारीत तीस वर्षं तराजू सांभाळला आणि निवृत्त झाले, पण गावाच्या लेखी ते कायमचे रंगूनवाले अण्णा राहिले. "नोटा पेटवून त्यावर चहा केलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. हे वाक्य सुरू झालं की आमचे हे वर्तमानपत्र घेऊन संडासाकडे निघून जात. मला तीही सोय नव्हती.

अण्णांचं एक शास्त्र होतं. सोनं नदीला, चांदी तांदळाला, तांबं पाण्याला. म्हणजे पळापळीत नदी ओलांडायची तर नावाडी सोनं मागेल, तांदूळवाला चांदी घेईल आणि तांब्याभर पाण्याला तांब्याचा पैसा चालेल. पेन्शनीतलं जे उरेल त्याची ते जुनी नाणी घेत. राजाचं डोकं छापलेल्या चांदीच्या दोन आण्या, पावल्या, अधेल्या. बाळू सोनार त्यांना हात जोडून सांगायचा, "अण्णा, ही चिल्लर आटवून काकूंना पैंजण नाय तर पेला तरी करू या." अण्णा चिडायचे. पेल्यातून सुटे कोण काढून देणार?

हे 'सुटे' त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. एकदा बाजारातून येताना गाडीत कंडक्टरकडे चार आणे सुटे नव्हते. त्याने रीतीप्रमाणे तिकिटाच्या मागे लिहून दिलं. आम्ही सगळे असं तिकीट घेऊन गप्प बसतो. अण्णा उभे राहिले आणि सबंध गाडीला तिकीट दाखवत म्हणाले, "बघा! झाली सुरुवात. चार आणे नाहीत." मागच्या बाकावरची एक म्हातारी खरंच घाबरली आणि तिने कनवटीला बांधलेले पैसे चाचपून पाहिले. मी खिडकीबाहेर बघत बसले. मी यांच्याबरोबर नाही, असं चेहऱ्यावर आणायचा मी फार प्रयत्न केला.

दुसरी गोष्ट मरियमबीची. मरियमबी आमच्या आळीत मासे घेऊन यायची. आवाज खणखणीत, हिशेब तोंडपाठ. एके दिवशी अण्णांनी तिची टोपली उतरवून घेतली आणि तिच्यापुढे चांदीची दोन आणी ठेवली.

"मरियम, धर की सरकार नाही. नोटा बंद. या दोन आणीचे बांगडे किती देशील?"

मरियमबीने नाणं उलटंपालटं करून पाहिलं, परत त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, सरकार नसला तर बांगडे मीच नाय खानार? तुमाला कशाला देऊ?"

सगळी आळी हसली. मी तर एवढी हसले की पोटात दुखायला लागलं. अण्णा मात्र हसले नाहीत. दोन दिवस ते त्यावर विचार करत होते. तिसऱ्या दिवशी गडग्यावर येऊन गंभीरपणे म्हणाले, "बाई, मरियम बरोबर आहे. पहिला आठवडा कोणी काही विकणार नाही. आठवडाभराचे पोहे घरात पाहिजेत." मी कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी त्यांना एक विक्षिप्त शेजारी म्हणून सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट मला कायम खटकायची. रत्नागिरीच्या मे महिन्यात, जेव्हा माणूस अंगावरची कातडी काढून दांडीवर टाकायला तयार असतो, तेव्हाही अण्णांच्या सदऱ्याखाली जाड बंडी असायची. ती कधी धुवायला पडायची नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, "अगो शैला, त्या बंडीला आता मुळं फुटतील." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

ऐंशी सालच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. नवरा मुलगा प्रकाश, लांज्याकडच्या एका गावचा, मुंबईत गिरणीत होता. मुख्य म्हणजे त्याची चाळीत स्वतःच्या नावावर खोली होती. काकूंच्या आनंदाला पारावार नव्हता. त्यांच्या आईने त्यांना घातलेल्या चार तोळ्यांच्या दोन पाटल्या होत्या, मंगळसूत्र सोडलं तर तेवढंच काय ते घरातलं खरं सोनं. पूर्वी गणपतीत आणि हळदीकुंकवाला त्या घालायच्या; सुनंदाची स्थळं बघायला लागल्यापासून मात्र पेटीतच जपून ठेवल्या होत्या. "ह्या सुनंदाच्या," असं त्यांनी तिच्या बारशालाच जाहीर केलं होतं.

लग्नाला चार दिवस राहिले असताना पेटी उघडली. आत लाल फडकं होतं, पाटल्या नव्हत्या.

काकूंनी जो हंबरडा फोडला तो मी वर्गात ऐकला असता, पण शाळेला मेची सुट्टी होती, मी घरीच होते. गडग्यावरून उडी मारून गेले. काकू जमिनीवर बसलेल्या, सुनंदा भिंतीला टेकलेली, आणि चोर कोण याची चर्चा सुरू झालेली. भांडीवालीवर संशय जायच्या बेतात होता. अण्णा पडवीत विळीवर नारळ खवत होते. खवणं न थांबवता म्हणाले,

"चोरी नाय झाली. आहेत."

"कुठे आहेत?"

अण्णांनी हात पुसले. सदऱ्याची बटणं काढली. आतली ती बंडी आम्ही पहिल्यांदा धड पाहिली. गोधडीसारखी ती सगळी चौकोनाचौकोनांनी शिवलेली होती, मासेमारीच्या जाळ्याच्या बारीक पक्क्या दोऱ्याने, आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी टणक उठून दिसत होतं.

"चार-चार गुंजांचे तुकडे केलेत," ते म्हणाले. गुंज म्हणजे ते लालकाळं बी, सोनार पूर्वी त्यावर सोनं तोलायचे. "नव्वदच्या वर भरले. आधी वरवंट्याने ठोकून पट्टी केली, मग अडकित्त्याने कातरली. प्रत्येक वेगळा शिवलाय. हात लावून बघ, वाजतं का? जराही नाय वाजत."

त्या आवाजात अभिमान होता. मला आजही ते आठवलं की त्यांचा गळा धरावासा वाटतो. मुलीचं लग्न चार दिवसांवर, बायको जमिनीवर, आणि हा माणूस सांगतोय की वाजत नाही!

काकू उठल्या, पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला, एका फडक्यात करकचून बांधला आणि माळ्यावर भिरकावून दिला. त्यानंतर त्या घरात सुपारी फुटली नाही आणि काकू नवऱ्याशी सरळ बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण हाक मला मारायच्या. "शैला, सांग गो त्यांना, पानं घेतलीत." मी आमच्या ओट्यावरून ओरडायची, "अण्णा, जेवायला जा!" अण्णा काकूंपासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

लग्नात सुनंदाच्या हातात माझ्या पाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः त्या परत करायला आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खजील होईल.

"बाई, चार तोळ्यांना दोन गुंजा कमी भरतात," ते म्हणाले. "आणि अखंड आहेत. काय उपयोग?"

"अण्णा, आता पुरे!" मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ब्याऐंशी सालच्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आठवड्यात मिटेल, महिन्यात मिटेल असं करता करता पावसाळा आला. लांज्याच्या, संगमेश्वरच्या गावागावांत मुंबईहून बायकापोरं परत आली. सुनंदाही सासरी येऊन राहिली होती, पदरात वर्षाची मुलगी. जुलैत एका दुपारी ती माहेरी आली. मी गडग्याशी शेवग्याच्या शेंगा काढत होते, त्यामुळे सगळं कानांवर आलं. आणि खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकलं.

खोलीचं भाडं थकलं होतं. प्रकाश दुसऱ्या कोणाला खोली देऊन टाकून येतील तेवढे पैसे घेऊन गावी यायच्या विचारात होता. "अण्णा, खोली गेली की मुंबई गेली," सुनंदा म्हणत होती. "परत आयुष्यात मिळायची नाही. भाडं भरलं आणि आमचं दोन वेळचं निभावलं तर संप मिटेपर्यंत तग धरू. मला ते तुकडे द्या. आईचेच आहेत ना?"

अण्णांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हा संप आहे, पोरी. पळापळ नव्हे. टपाल चालू आहे. गाड्या चालू आहेत. संप मिटतो."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मी तिथूनच सुरू झाले. "अण्णा! पाच-सहा महिने घरात पगार नाही, पोर कडेवर घेऊन लेक दारात उभी आहे, आणखी कसली पळापळ हवी तुम्हाला? जपानी यायला हवेत का इथे? आयुष्यभर अंगावर सोनं शिवून हिंडताय आणि वेळ आली तर म्हणता ही ती वेळ नव्हे! मग ती कधी येणार? तुम्ही मेल्यावर?"

शेजाऱ्याला असं बोलू नये हे मलाही कळतं. पण मी बोलले. सुनंदा रडत आत गेली. काकू कपडे गोळा करायला विहिरीवर गेल्या होत्या, त्या परतल्या नव्हत्या. अण्णा हळूहळू गडग्यापाशी आले. चिऱ्यावर हात ठेवून उभे राहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले.

"आईच्या हातात दोन पाटल्या होत्या, बाई. आम्ही निघालो तेव्हा."

मी पडलेल्या शेंगा तशाच सोडून गडग्याला टेकले.

"नदीवर नावाड्याने एक मागितली. मी म्हटलं, दोन माणसांना सबंध पाटली? तो म्हणाला, मग मोडून दे. कशाने मोडू? दिली. पुढे डोंगराखाली तांदूळ मिळाला. त्याला दुसरी दिली. त्याने दोन गोणी पुढे टाकल्या. आम्ही दोघं, चालून चालून मेलेले, गोणी कोण उचलणार? फडक्यात बसले तेवढे घेतले. म्हटलं, बाकीचं परत दे. तो हसला. परत काय देणार?" अण्णांनी चिऱ्यावरचं शेवाळं नखाने खरवडलं. "चौथ्या दिवशी आईला ताप भरला. कोणाकडे तरी कोयनेलच्या गोळ्या होत्या, पण आमच्याकडे द्यायला काही नव्हतं. गेली. तिच्या तोंडात घालायला तुळस तर नव्हतीच. गुंजभर सोनंही नव्हतं. दोन पाटल्या घालून निघालेली बाई. मी तिला तशीच ठेवून पुढे आलो."

मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात. माझ्या माहेरी मिरजेलाही घालतात, इथेही घालतात. एवढी वर्षं नोटांवरच्या चहाची गोष्ट हजार वेळा सांगणाऱ्या या माणसाने ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. मला रडू आलं आणि त्याचबरोबर भयंकर रागही आला. आधी नाही का सांगायचं? तोंड काय फक्त दोन आण्यांसाठी दिलंय देवाने?

संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी मला सांगायचं होतं. मीच कापून दिल्या असत्या."

पुढच्या शनिवारी सकाळी अण्णा छत्री घेऊन लांज्याच्या गाडीत बसले. बंडीचा एक चौकोन उसवलेला होता. लांज्याच्या स्टँडवर सुनंदाला भेटून त्यांनी तिच्या हातावर एक तुकडा ठेवला. फक्त एक. पुढच्या शनिवारी दुसरा. दर शनिवारी एक.

आता मला सांगा, हे काय वागणं झालं? "अहो अण्णा, दहा-वीस तुकडे इथेच बाळू सोनाराकडे विका आणि तिला मनिऑर्डर करा. दर आठवड्याला चाळीस किलोमीटर हाडं खिळखिळी करून कशाला जाता?"

"एकदम दिलं की एकदम जातं," ते म्हणाले. "आणि नोटा केल्या की त्याच्या आधी जातं."

सुनंदा लांज्यातच सोनाराकडे तुकडा मोडायची, त्यातून भाडं मुंबईला पाठवायची, उरलेल्यात घर चालवायची. तो सोनारही वैतागला होता म्हणे, दर शनिवारी काय चार गुंजा घेऊन येता. अण्णा परत आले की गडग्यावर मला अहवाल देत. आज सोनाराने भाव पाडून दिला, आज गाडी बंद पडली, आज नात "आबा" म्हणाली. आणि शनिवारी सकाळी पडवीच्या कठड्यावर भाकरीचा आणि सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा ठेवलेला असे. "शैला, सांग त्यांना, डबा ठेवलाय." मी सांगायची. डबा त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर असायचा, तरी मी सांगायची.

ज्या बायकांनी घाबरून पहिल्याच चार महिन्यांत सबंध हार, सबंध पोत मोडली, त्यांच्याकडे पुढच्या पावसाळ्यात काही उरलं नाही. सुनंदाच्या सासरच्या गावातल्याच दोघींच्या मुंबईतल्या खोल्या गेल्या. सुनंदाची राहिली. संप कधी मिटला हे कोणाला नीट कळलंच नाही. तो मिटला असं नाही, विरून गेला. प्रकाशला गिरणीत परत घेतलं नाही, पण चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला एका छापखान्यात काम मिळालं. तोवर बंडी मऊ पडली होती. अण्णांनी ती पहिल्यांदा धुवायला टाकली तेव्हा काकूंनी ती दांडीवर वाळत घातली आणि मला हाक मारून दाखवली. नुसते उसवलेले चौकोन, आणि वाऱ्यावर हलत होती.

मला वाटलं, आता तरी सुटले. कसलं! आठवड्यात हे परत गडग्यावर. "बाई, समजा आज दुपारी पळापळ झाली..."

"अण्णा, तुमच्याजवळ आता काय आहे ते आधी सांगा."

"काही नाय," ते म्हणाले आणि हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

शहाऐंशीच्या मार्गशीर्षात अण्णा गेले. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. सुनंदाला मुंबईला तार केली. ती रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचणार होती, तोवर सगळं थांबलं होतं. सकाळी तुळशीचं पान आणलं, पाणी आणलं, मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या घरात मंगळसूत्राखेरीज सोन्याचा कण म्हणून उरला नव्हता. काकूंनी मंगळसूत्राला हात घातला, तसा मी तो धरला. म्हटलं, "मी बाळू सोनाराकडून घेऊन येते, दहा मिनिटांत येते."

"थांब," काकू म्हणाल्या. "सुनंदा येऊ दे."

सुनंदा आली. रडली, पाया पडली. मग तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत चार गुंजांचा एक तुकडा होता. जाळ्याच्या दोऱ्याचा एक धागा अजून त्याला चिकटलेला होता.

"शेवटच्या शनिवारचा," ती म्हणाली. "ह्यांना तेव्हाच छापखान्यात काम लागलं होतं. विकायची वेळच आली नाही."

काकूंनी तुकडा हातावर घेतला. मला वाटलं, आता कोसळतील. त्या म्हणाल्या, "एवढा कशाला? गरजेपेक्षा गुंजभर तरी जास्त त्यांनी कधी खर्चलंय? शैला, माळ्यावर फडक्यात अडकित्ता आहे. काढ गो."

मी शिडीवर चढून तो काढला. सहा वर्षांची गाठ मला सुटेना, शेवटी दातांनी सोडली. पात्याला गंज चढला होता. काकूंनी तो पदराने पुसला, तुकडा मधोमध धरला आणि दाबला. दोन भाग झाले. एक त्यांनी तुळशीच्या पानावर ठेवून अण्णांच्या तोंडात घातला आणि त्यांचे ओठ हाताने मिटले.

दुसरा आपल्या पदराच्या टोकाला बांधला. "हा माझा," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी कोणाची धावपळ नको."

नंतर, माणसं अण्णांना उचलून घेऊन गेल्यावर, त्यांनी अडकित्ता धुतला, कोरडा केला आणि पानाच्या डब्यात ठेवला.